नीना सिमोन ऐकवायची तर आधी हात ऐकवा

अमेरिकन गायिका नीना सिमोनवर श्रवणसत्र ठेवायचं म्हटलं की बहुतेक जण जन्मतारखेपासून सुरुवात करतात आणि ‘फीलिंग गुड’ वाजवून संपवतात. मधल्या वेळात ब्लूज होतो, जॅझ होतो, सोल होतो, एखादं फ्रेंच गाणं होतं आणि मंडळी चहा पिताना म्हणतात, ‘बाई काहीही गायची.’ एवढंच हाती लागणार असेल तर दोन तास कशाला घालवायचे? काहीही गाणारे पुष्कळ असतात. हिच्या त्या ‘काहीही’मधून एक धागा जातो आणि तो पियानोवर सापडतो. नीना आधी पियानोवादक, तीही बाख या जर्मन शास्त्रीय संगीतकारावर वाढलेली. गायला लागली ती पोटासाठी. म्हणून सत्राची आखणी अशी करायची, की लोकांच्या कानांवर आधी तिचे हात पडतील आणि गळा मागून येईल.

पुढची आखणी २५-३० श्रोते, दोन तास आणि एखाद्याचा हॉल किंवा सोसायटीची खोली एवढं गृहीत धरून केली आहे. श्रोते ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत यांवर वाढलेले. इंग्रजी गाण्यांशी ओळख जेमतेम. मोठं सभागृह घेऊन तिकीट लावणार असाल तर ध्वनिमुद्रित संगीत जाहीरपणे वाजवण्याचा परवाना लागतो, त्याची चौकशी सभागृहाच्या कार्यालयात आधीच करा.

वेळेचा हिशेब आधी कागदावर मांडा. १३ गाणी, मिळून सुमारे ६० मिनिटं. प्रत्येक गाण्यामागे बोलणं जास्तीत जास्त दीड मिनिट, म्हणजे २० मिनिटं. प्रास्ताविक ५, काही तुकडे पुन्हा वाजवायला ६, चहा १०, शेवटी गप्पा १५. झाली ११६. उरलेली चार मिनिटं उशिरा येणाऱ्यांना दान. हिशेब बिघडतो तो नेहमी एकाच ठिकाणी: निवेदकाच्या दीड मिनिटाची पाच मिनिटं होतात आणि मग शेवटचं दहा मिनिटांचं गाणं अर्ध्यावर तोडावं लागतं. निवेदन लिहून काढा आणि घड्याळ लावून वाचा. दीड मिनिटात मराठीत साधारण १८० शब्द बसतात, जास्त नाही.

गाणी गोळा करताना पहिला सापळा म्हणजे सालं. ॲपवर गाण्याखाली जे साल दिसतं ते बहुधा त्या संकलनाचं किंवा रीमास्टरचं असतं, गाण्याचं नसतं. १९५७ चं गाणं २०१३ चं म्हणून दिसतं आणि पत्रकात तसंच छापलं जातं. यावर सोपा उपाय म्हणजे कंपन्या पाठ करणं. नीनाची महत्त्वाची कारकीर्द चार रेकॉर्ड कंपन्यांत वाटली गेली आहे: बेथलेहेमसाठीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९५७ च्या अखेरचं, त्यानंतर १९५९ पासून कोलपिक्स, १९६४ पासून फिलिप्स आणि १९६७ पासून १९७४ पर्यंत आरसीए. गाणं कुठल्या कंपनीचं हे कळलं की काळ आपोआप कळतो आणि सहसा आवाजाची जातही कळते. बेथलेहेम म्हणजे तीन माणसांचा छोटा संच. फिलिप्सच्या काळात काही ठिकाणी मोठा वाद्यवृंद आहे, काही ठिकाणी अगदीच उघडं गाणं. आरसीएमध्ये ब्लूज आणि सोल जास्त.

दुसरा सापळा एकाच गाण्याच्या अनेक आवृत्त्यांचा. ‘आय लव्ह्ज यू, पोर्गी’ स्टुडिओतलं आहे आणि कार्नेगी हॉलमधलंही. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ तिनं दोनदा केलं, आठएक वर्षांच्या अंतरानं. ‘सिनरमन’ आणि ‘फीलिंग गुड’ शोधायला गेलात तर नाचासाठी केलेले रीमिक्स आधी पुढ्यात येतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबून गाणं उतरवू नका. अल्बमचं नाव बघा, लांबी बघा आणि पहिली तीस सेकंदं स्वतः ऐका. मूळ ‘सिनरमन’ दहा मिनिटांच्या वर आहे. साडेतीन मिनिटांचं हाती लागलं तर ते कापलेलं आहे.

यंत्रसामग्रीत थोडक्यात एवढंच. गाणी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. फुकटच्या खात्यावर ‘स्ट्रेंज फ्रूट’सारखं झुंडबळींवरचं गाणं संपल्या संपल्या साबणाची जाहिरात येते आणि तिथून सत्र सावरत नाही. ॲपमधला क्रॉसफेड बंद करा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसरं गाणं खातं. ऑटोप्लेही बंद. ब्लूटूथपेक्षा ऑक्स केबल बरी.

केबलबाबत मात्र एक गोष्ट नीट बघाच. साठीच्या दशकातल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी सर्रास असते. सभागृहाच्या मिक्सरला केबलची एकच पिन लावली, की अर्धं गाणं गायब होतं; नीनाच्या बाबतीत नेमका पियानो जाऊ शकतो आणि लोक समजतात की रेकॉर्डिंगच तसं आहे. दोन्ही पिना लावा, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. घोषणांसाठी भिंतीवर टांगलेले स्पीकर वापरू नका. तिचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कधी कधी पुरुषाचा वाटतो, आणि त्या स्पीकरांना खालचे सूर झेपत नाहीत. चांगले दोन स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा.

आता प्रत्यक्ष सत्र. प्रास्ताविकात जीवनचरित्र सांगू नका. फक्त नाव, काळ (१९३३ ते २००३), देश अमेरिका आणि एवढंच, की आज आपण एका पियानो वाजवणाऱ्या बाईला ऐकणार आहोत. तिच्या नावामागे लावली जाणारी ‘सोलची हाय प्रीस्टेस’ ही उपाधी पत्रकावर छापायला बरी, पण सुरुवातीलाच उच्चारली की लोक पुढची वीस मिनिटं सोल शोधत बसतात. तिला स्वतःला ‘जॅझ गायिका’ हे लेबलही आवडायचं नाही.

पहिलं गाणं ‘लिटल गर्ल ब्लू’, बेथलेहेमच्या पहिल्याच तबकडीतलं, चार मिनिटांपेक्षा थोडं जास्त. काही न सांगता पूर्ण वाजवा. लोक म्हणतील, छान, संथ, उदास. मग सांगा: गाणं आहे रॉजर्स आणि हार्ट या जोडीचं, १९३५ च्या एका संगीतिकेतलं. पण सुरुवातीला पियानोवर जी चाल वाजते ती या गाण्याची नाहीच. ती ‘गुड किंग वेन्सेस्लास’ या जुन्या ख्रिसमसच्या गीताची आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला किंवा गोव्यातला, वसईतला कोणी बसला असेल तर त्यानं ती एव्हाना ओळखलेली असते. त्यालाच गुणगुणायला सांगा. आता पहिलं दीड मिनिट पुन्हा वाजवा आणि लोकांना गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त ती चाल धरून ठेवायला सांगा. नीना गायला लागते तरी पियानो आपली चाल सोडत नाही. गळ्यातून एक गाणं, हातांतून दुसरं, आणि दोन्ही एकमेकांना न अडखळता शेजारी चालतात.

इथे आपल्या कानाची एक सवय आड येते, ती नाव घेऊन सांगावी. आपल्याकडे संवादिनीची साथ गायकाच्या मागून जाते: गायकानं जागा घेतली की पेटीवाला ती उचलतो. त्यामुळे साथ म्हणजे गळ्याची सावली असं आपण धरून चालतो. इथे साथीला स्वतःची वाट आहे. पाश्चात्त्य संगीतात याला काउंटरपॉइंट म्हणतात, बाखचं सगळं घर त्यावर उभं आहे, आणि नीना ते लहानपणी शिकली. शब्द एकदाच वापरा. व्याख्या देऊ नका, कानानं कळलेलं आहे.

लगेच ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’, त्याच तबकडीतलं, साडेतीन मिनिटांच्या आतलं. ही उडती लय आहे. जिमी बाँडचा बास आणि अल्बर्ट हीथचे ड्रम्स. गाण्याची बांधणी ३२ बारांची (एक बार म्हणजे इथे चार मात्रा), आठ-आठचे चार भाग: पहिली ओळ, तीच चाल पुन्हा, मग वेगळी, मग परत पहिली. आपल्या ध्रुवपद-अंतऱ्याशी ही मांडणी ताडून पाहायला हरकत नाही. मुख्य ऐकायचं ते मधला पियानो. जॅझचा पियानोवादक इथे सहसा डाव्या हातानं स्वरगुच्छ टाकतो आणि उजव्यानं खेळतो. नीना दोन्ही हातांनी एकेक सुटी ओळ वाजवते: एक हात काही म्हणतो, दुसरा ते उचलून पाठलाग करतो. नाइटक्लबमधल्या गाण्यात चक्क बाख. हा तुकडा दोनदा ऐकवा.

चरित्राचा पहिला घास इथे द्या, आधी नाही. उत्तर कॅरोलायनातलं ट्रायॉन नावाचं छोटं गाव. खरं नाव युनिस वेमन. आई मेथडिस्ट पंथाची धर्मोपदेशक, त्यामुळे पोर चर्चमध्ये वाजवत वाढली. म्युरिएल मॅझनोविच या बाईंनी तिला बाख शिकवला आणि पुढच्या शिक्षणासाठी गावानं निधी जमवला. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत एक उन्हाळा काढून १९५१ मध्ये तिनं फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटला प्रवेशाची परीक्षा दिली आणि तिला नाकारलं गेलं. कातडीच्या रंगामुळे, असं ती आयुष्यभर मानत आली. १९५४ मध्ये अटलांटिक सिटीच्या मिडटाउन बारमध्ये आठवड्याला ९० डॉलरवर पियानो वाजवायला लागली तेव्हा मालकानं अट घातली, की गावंही लागेल. आईला कळू नये म्हणून नाव बदललं. हा मजकूर ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’च्या आधी सांगितला तर लोक हळहळतात. नंतर सांगितला तर त्यांनी ते हात नुकतेच ऐकलेले असतात. कर्टिसनं काय नाकारलं हे त्यांना सांगावं लागत नाही.

तिसरं ‘माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी’. हे श्रोत्यांतल्या दोन-चार जणांना माहीत असतं, त्यामुळे खोली जरा सैल होते. सालाचा घोटाळा इथे नक्की होतो: गाणं तिनं १९५७ मध्येच गायलं, पण १९८७ मध्ये शानेल नंबर ५ या अत्तराच्या जाहिरातीत वाजलं आणि ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीस वर्षांनी पाचव्या क्रमांकावर गेलं. या पहिल्या तबकडीचे हक्क तिनं ३००० डॉलरला एकरकमी देऊन टाकले होते.

चौथं ‘पोर्गी’. अमेरिकन संगीतकार गेर्शविनच्या ऑपेरातलं हे गाणं १९५९ मध्ये अमेरिकेच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि नीना रातोरात माहीत झाली. बोलणं तीस सेकंद पुरे. त्यामागे पाचवं, झाक ब्रेलचं फ्रेंच ‘न म कित पा’, १९६५ चं. भाषा बदलली की आवाज कसा बदलतो एवढंच ऐकायचं आणि पुढे जायचं.

सहावं ‘पायरेट जेनी’, सहा-सात मिनिटांचं, १९६४ च्या ‘नीना सिमोन इन कॉन्सर्ट’मधलं. मराठी श्रोत्यांपुढे हे गाणं वगळणं म्हणजे करंटेपणा. ब्रेख्त आणि वाइल या जर्मन जोडीच्या १९२८ च्या ज्या संगीतिकेतून ते आलं, तिच्यावरूनच पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, आणि थिएटर ॲकॅडमीचा तो १९७८ चा प्रयोग पाहिलेलं कोणीतरी खोलीत असण्याची बरीच शक्यता आहे. प्रसंग सांगा: हॉटेलात फरशी पुसणारी मोलकरीण मनात म्हणते आहे, की एक काळं जहाज येईल, गाव बेचिराख करेल आणि कोणाला मारायचं हे मला विचारेल. नीना ती मोलकरीण अमेरिकेच्या दक्षिणेत नेऊन ठेवते. गाणं कुजबुजीपर्यंत खाली येतं आणि नवखा माणूस इथे आवाज वाढवायला धावतो. वाढवू नका. पुढच्या क्षणी ती ओरडते आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान फुटतात. आवाजाची पातळी सत्राआधी याच गाण्यावर ठरवा: कुजबूज शेवटच्या रांगेला जेमतेम कळेल तिथे खूण करून ठेवा, मग दोन तास हात लावायचा नाही.

चहापूर्वीचं शेवटचं ‘मिसिसिपी गॉडडॅम’, त्याच तबकडीतलं, पाच मिनिटांचं. सगळ्यात जास्त सत्रं इथे फसतात आणि कारण निवेदकाचा चांगुलपणा. तो आधी खून सांगतो, स्फोट सांगतो, सगळे गंभीर होऊन बसतात, आणि मग गाणं सुरू होतं ते एखाद्या नाटकाच्या प्रवेशासारखं टुणटुणत. श्रोते गोंधळतात. नीनानं रचलेला सापळा असा बोथट होतो. त्या रात्री कार्नेगी हॉलमध्ये बहुतेक गोरे श्रोते होते. तिनं त्यांना सांगितलं, की हे एका नाटकातलं गाणं आहे, फक्त ते नाटक अजून लिहिलेलं नाही. लोक हसले. ते हसू रेकॉर्डिंगवर ऐकू येतं. पुढे गाणं सरकतं तशी हसणारी माणसं गप्प होत जातात तेही ऐकू येतं. तुमच्या श्रोत्यांचंही तेच व्हायला हवं.

तेव्हा फक्त ‘कार्नेगी हॉल, १९६४’ म्हणा आणि वाजवा. पाय ठेका धरतील, धरू द्या. संपल्यावर सांगा: १२ जून १९६३ ला मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये नागरी हक्कांचा कार्यकर्ता मेडगर एव्हर्स त्याच्या घरासमोर मारला गेला. १५ सप्टेंबरला अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींचा जीव घेतला. नीनानं हे गाणं तासाभरात लिहिलं, असं ती सांगायची. कृष्णवर्णीयांना ‘सबुरीनं घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांची त्यात टर आहे, आणि साथीदार मध्येच ओरडून तिला साथ देतात ते त्याचसाठी. दक्षिणेतल्या अनेक ठिकाणी ते रेडिओवर वाजेना. आता पहिलं मिनिट पुन्हा लावा. चाल तीच, टुणटुण तीच. पाय मात्र कोणी हलवत नाही. लगेच चहा. नावातला शब्द तिकडे शिवी आहे आणि पुढच्या भागात गुलामगिरी, बलात्कार यांचे उल्लेख येतात, त्यामुळे मुलांबद्दलची सूचना निमंत्रणातच द्या. ऐनवेळी दिली तर सापळा तुम्हीच उघडा पाडाल.

चहानंतर लोक बोलत परत येतात. त्यांना गप्प करायला ‘बी माय हजबंड’ उत्तम, १९६५ च्या ‘पेस्टल ब्लूज’मधलं. पियानो नाही. मोजका ठोका आणि गळा, बस. इतका वेळ हात ऐकल्यावर ते अचानक काढून घेतले की आवाज केवढा आहे हे कळतं.

मग ‘फोर विमेन’, १९६६ चं. चार कृष्णवर्णी स्त्रिया एकामागून एक उभ्या राहतात. प्रत्येक आपला रंग, केस, पाठ, कंबर सांगते आणि कडव्याच्या शेवटी नाव. खाली बास एकच वळण सतत फिरवत राहतो. कथ्थकचा लहरा ऐकलेल्याला हे एका क्षणात कळतं: खाली लहरा स्थिर, वर गोष्ट बदलते. पियानो मधल्या मोकळ्या जागांत दोन-तीन स्वर टाकून मागे सरतो. शेवटची स्त्री नाव सांगते तेव्हा आवाज फाटतो. कडव्यांचा सारांश प्रत्येकी एका ओळीत पत्रकावर द्या. पडद्यावर ओळींबरहुकूम भाषांतर दाखवू नका. लोक वाचतात, ऐकत नाहीत.

इथे कोणीतरी दलित पँथरचा विषय काढेल आणि तो गैरलागू नाही. १९७२ मध्ये मुंबईत ती संघटना निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव आणि प्रेरणा घेऊनच. दोन वाक्यं होऊ द्या, उरलेलं शेवटच्या गप्पांसाठी राखा.

दहावं ‘बॅकलॅश ब्लूज’, आरसीएकडच्या पहिल्या तबकडीतलं, शब्द कवी लँग्स्टन ह्यूज यांचे. जेमतेम अडीच मिनिटं. ब्लूजचा साचा समजवायला याहून सोयीचं गाणं नाही. ‘बारा बारांचा ब्लूज’ म्हटलं की आपला माणूस एकताल मोजायला बसतो आणि तिसऱ्या सेकंदाला हरवतो. बार म्हणजे मात्रा नव्हे. एका बारात चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन ४८ मात्रांचं. त्याचे १६-१६ चे तीन तुकडे आणि प्रत्येक तुकड्यावर कवितेची एक मोठी ओळ. बोटांवर बार मोजायला सांगा, मात्रा नको: चार, चार, चार, की परत पहिला. टाळी द्यायची तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीनं पहिल्या आणि तिसऱ्यावर पडतो, आणि सगळ्या खोलीनं तशी टाळी धरली की ब्लूजचं लेझीम होतं.

अकरावं ‘आय विश आय न्यू हाउ इट वुड फील टू बी फ्री’, १९६७ च्या ‘सिल्क अँड सोल’मधलं, रचना जॅझ पियानोवादक बिली टेलर यांची. सोल म्हणजे काय हे आता सांगता येतं: चर्चमधली गायकी, तिथला हाक आणि प्रतिसाद, पण विषय या जगातला. ट्रायॉनच्या चर्चमध्ये वाजवणारी पोर लोकांना आठवते. स्वित्झर्लंडमधल्या मोंट्रो महोत्सवातलं १९७६ चं याच गाण्याचं चित्रण गाजलेलं आहे आणि ते दाखवायचा मोह होतो. आमचं मत, दाखवू नये. चेहरा दिसला की चर्चा तिच्या रागीटपणावर जाते. श्रोत्यांना दटावण्यावरून किशोरीताईंची आठवण कोणीतरी काढतंच, आणि मग त्या दोघींच्या गोष्टींत पाऊण तास कसा गेला कळत नाही.

बाराव्या गाण्याला फक्त तारखा सांगा. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. तीन दिवसांनी, ७ एप्रिलला, न्यूयॉर्कजवळ वेस्टबरीला नीनाचा ठरलेला कार्यक्रम होता. बासवादक जीन टेलर यानं गाणं लिहिलं आणि संचानं ते तिथेच पहिल्यांदा सादर केलं: ‘व्हाय? द किंग ऑफ लव्ह इज डेड’. ‘नफ सेड’ या तबकडीवरची आवृत्ती कापलेली, सहा मिनिटांच्या आतली आहे. पुढे निघालेली पूर्ण आवृत्ती बारा मिनिटांच्या वर जाते आणि तिच्यात ती बोलतेही. वेळेअभावी छोटी घ्या.

पुढचं आयुष्य एका दमात सांगून टाका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं अमेरिका सोडली. बार्बेडोस, लायबेरिया, स्वित्झर्लंड, शेवटी फ्रान्स. १९७८ ला ब्रसेल्समध्ये ‘बॉल्टिमोर’ ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. उत्तरायुष्यात तिला बायपोलर आजाराचं निदान झालं. हे एकदा, साध्या वाक्यात सांगा आणि ‘वेडी प्रतिभा’ वगैरे रंगवू नका. २१ एप्रिल २००३ ला दक्षिण फ्रान्समधल्या कारी-ल-रुए इथे ती गेली. त्याच्या काही दिवस आधी कर्टिस इन्स्टिट्यूटनं तिला मानद पदवी दिली. या वाक्यानंतर थांबा. खोलीला ते मोजू द्या.

शेवट ‘सिनरमन’नं करा, जरी ते १९६५ चं आणि क्रमाच्या बाहेरचं असलं तरी. चर्चच्या मेळाव्यात पाप्यांना कबुलीसाठी उभं करायचं हे गाणं. न्यूयॉर्कच्या क्लबांत ती कार्यक्रम यानंच आवरायची. आपल्या भजनात लय चढते तसं इथे होत नाही; लय जवळपास तीच राहते, दाब चढतो. मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त टाळ्या उरतात. गाणं संपलं असं समजून कोणीतरी दिवे लावतो आणि लोक टाळ्या वाजवायला लागतात. दिव्यांच्या बटणाजवळ बसलेल्याला आधीच बजावून ठेवा. टाळ्यांमागून पियानो परत येतो, आधी चाचपडत, मग दोन्ही हातांनी, आणि शेवटी सगळी लय मोडून टाकतो.

गप्पांत ‘घरी काय ऐकू?’ हा प्रश्न येतोच. ‘बेस्ट ऑफ’ सांगू नका, त्यांत चारही कंपन्यांचा काला असतो. पहिली बेथलेहेमची तबकडी, मग ‘इन कॉन्सर्ट’, मग ‘पेस्टल ब्लूज’, याच क्रमानं. तेरा गाण्यांची नावं, अल्बम, कंपनी आणि खरी सालं एका संदेशात लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर टाका. त्याच रात्री टाकलीत तर पुढच्या शुभरात्रींच्या फुलांखाली ती गाडली जातात.